जेरेमी: न हलणाऱ्या माणसांत एकटा हलणारा मुलगा

पर्ल जॅम या अमेरिकन बँडच्या ‘जेरेमी’ या गाण्याचा व्हिडिओ 1992 च्या ऑगस्टमध्ये एमटीव्हीवर झळकला. पुढच्या वर्षी एमटीव्हीच्याच पुरस्कार सोहळ्यात त्यानं चार पुरस्कार पटकावले, त्यांत वर्षातला सर्वोत्कृष्ट व्हिडिओ हाही मान होता. इतका गाजलेला, दिवसरात्र दाखवला गेलेला हा व्हिडिओ. पण शेवटी काय घडतं हे पाहणाऱ्यांपैकी कितीतरी जणांना उलटंच कळलं. मुलगा स्वतःचा जीव घेतो, ही दिग्दर्शकाची गोष्ट होती. मुलगा वर्गातल्या पोरांवर गोळ्या झाडतो, असा समज पसरला. बळी आणि मारेकरी यांची अदलाबदल झाली, आणि तीही एका शॉटला कात्री लागल्यामुळे.

बालपणीच्या आघातावरचा व्हिडिओ वाचायचा कसा, हे समजून घ्यायला मला याहून चांगलं प्रकरण सापडलेलं नाही. अशा व्हिडिओंवर लिहिणारे बहुधा प्रतीकांची यादी करतात. सफरचंद म्हणजे पाप, झेंडा म्हणजे देश, आग म्हणजे राग. यादी चुकीची नसते, पण तिच्यातून गोष्ट हाती लागत नाही. ‘जेरेमी’मधलं प्रत्येक प्रतीक अचूक ओळखणारे प्रेक्षकसुद्धा शेवट चुकीचा वाचत होते. माझं म्हणणं असं की आधी पाहायचं ते पडद्यावर हालचाल कोणाला दिली आहे, गोष्ट कोणाच्या तोंडून येते आहे आणि कोणत्या दृश्याला लागून कोणतं दृश्य येतं. प्रतीकांकडे वळायचं ते त्यानंतर.

पुढे एका शाळकरी मुलाच्या आत्महत्येचा उल्लेख वारंवार येणार आहे. ज्यांना हा विषय जवळून पोळला आहे, त्यांनी सवडीनं आणि मन स्थिर असताना वाचावं.

बातमीतला एक परिच्छेद

8 जानेवारी 1991. टेक्सासमध्ये डलासला लागून असलेल्या रिचर्डसन शहरातली शाळा. जेरेमी नावाच्या पंधरा वर्षांच्या एका मुलाला शिक्षिकेनं कार्यालयातून वर्गात बसण्याच्या परवानगीची चिठ्ठी आणायला पाठवलं. तो परत आला तेव्हा त्याच्या हातात बंदूक होती. शिक्षिका आणि तीसेक वर्गमित्रांच्या डोळ्यांदेखत त्यानं आपला जीव घेतला.

पर्ल जॅमचा गायक एडी वेडर यानं ही बातमी वर्तमानपत्रात वाचली. लहानसा परिच्छेद होता. वेडरनं पुढे मुलाखतीत जे सांगितलं त्याचा आशय असा: एवढा मोठा सूड उगवायला जावं आणि त्याचं फलित काय, तर पेपरातला एक परिच्छेद. जग तसंच चालू राहतं, आपण तेवढे नसतो. खरा सूड म्हणजे जगून दाखवणं. हे वाक्य ध्यानात ठेवण्यासारखं आहे, कारण या व्हिडिओवर पुढे हिंसेचं उदात्तीकरण केल्याचा ठपका आला.

वेडरच्या मनात आणखी एक मुलगा होता. सॅन डिएगोत तो स्वतः शाळेत असताना त्याच्या ओळखीच्या एका पोरानं शाळेच्या वर्गात गोळीबार केला होता, आणि त्या पोराशी वेडरची पूर्वी मारामारीही झाली होती. म्हणजे गाण्यातला जेरेमी दोन मुलांचा मिळून झालेला आहे: एक ज्याच्याबद्दल फक्त वाचलं, आणि एक ज्याला स्वतः ठोसे लगावले.

ही जोडणी गाण्याच्या शब्दांत स्पष्ट दिसते. चाल बेसवादक जेफ अमेंटची, शब्द वेडरचे; गाणं 27 ऑगस्ट 1991 ला आलेल्या ‘टेन’ या अल्बममधलं. पहिल्या कडव्यात एक मुलगा घरी बसून चित्र काढतो आहे. डोंगराचा माथा, माथ्यावर तो स्वतः, पिवळाधमक सूर्य, वर उंचावलेले दोन हात, आणि खाली रक्ताच्या थारोळ्यात पडलेली माणसं. बापाचं लक्ष नाही, आईला पर्वा नाही. इथपर्यंत सांगणारा बाहेरचा कोणीतरी आहे. दुसऱ्या कडव्यात अचानक ‘मी’ येतो. मी त्याला छळायचो, मला चांगलं आठवतंय. गरीब, निरुपद्रवी वाटायचा. मग एक दिवस त्यानं मला असा ठोसा दिला की माझा जबडा निखळायचा राहिला. निवेदक हा छळणाऱ्यांतलाच एक आहे. शेवटी तो हे सगळं फळ्यावरून पुसून टाकायला बघतो. विसरून जा, पुसून टाक, असं स्वतःलाच बजावतो. पुसलं जात नाही, म्हणून तर गाणं आहे.

गाण्याकडे नुसतं कान देऊन ऐकणाऱ्यांच्या हातून हा ‘मी’ निसटतो. ध्रुवपदात फक्त एवढंच येतं की जेरेमी आज वर्गात बोलला. तो काय बोलला हे गाणं सांगत नाही.

जेवणाचं टेबल

व्हिडिओचा दिग्दर्शक मार्क पेलिंग्टन. एमटीव्हीतच काम करून तयार झालेला, पडद्यावर अक्षरं, कात्रणं आणि चित्रं एकमेकांवर आदळवण्यात त्याचा हातखंडा. जेरेमीच्या भूमिकेत ट्रेव्हर विल्सन हा बारा वर्षांचा मुलगा. खऱ्या मुलाहून तीन वर्षांनी लहान मुलगा निवडला गेला, याचा परिणाम मोठा आहे. पंधराव्या वर्षीच्या मुलात आपण बंडखोर किशोर शोधतो. बाराव्या वर्षीच्या मुलात मूलच दिसतं.

सुरुवात वर्तमानपत्रासारखी होते. दुपारचे साडेतीन, सुखवस्तू उपनगर, तापमान 64 अंश, आकाश ढगाळ. (हे अंश फॅरनहाइटमधले, म्हणजे अगदी सुखाची हवा.) खरी घटना सकाळची होती, तेव्हा ही त्या बातमीची नोंद नाही. पेलिंग्टननं बातमीचा सूर उचलला आहे. वेळ, ठिकाण, हवामान: बातमीला एवढं पुरतं. मुलाच्या आत काय चाललं होतं याला तिथे रकाना नसतो.

मग या व्हिडिओचा सगळ्यात महत्त्वाचा निर्णय दिसू लागतो, आणि तो एकदा दिसला की नजरेआड करता येत नाही. जेरेमी सोडला तर कोणीही हलत नाही. वर्गातली मुलं बोट दाखवून हसताहेत, पण हसू चेहऱ्यावर थिजलेलं आहे. शिक्षिका थिजलेली. आईबाप थिजलेले. पुतळ्यांच्या त्या गर्दीत हा एकटा मुलगा धावतो, तडफडतो, जंगलातून पळत सुटतो.

जेवणाच्या टेबलावरचं दृश्य थांबून पाहावं असं आहे. आई एका बाजूला, बाप एका बाजूला, दोघं जागच्या जागी गोठलेले. मुलगा त्यांच्यावर ओरडतो आहे. मान ताणलेली, तोंड उघडं, सगळं अंग पुढे झेपावलेलं. समोरून पापणीसुद्धा लवत नाही. इथे कोणी त्याला मारत नाही, शिवी देत नाही, जेवायला नाही म्हणत नाही. त्या घरात दिसण्यासारखा एकही अत्याचार नाही. आघातावरचे बहुतेक व्हिडिओ उगारलेला हात दाखवतात, तुटलेली बाटली दाखवतात, दाराआडची सावली दाखवतात. पेलिंग्टन प्रतिसादाचा अभाव दाखवतो, आणि तो दाखवायला फार अवघड असतो, कारण अभावाचा फोटो निघत नाही.

मानसशास्त्रात याच्याशी फार जवळचं नातं सांगणारा एक प्रयोग आहे. एडवर्ड ट्रॉनिक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं 1970 च्या दशकात तो मांडला. आई तान्ह्या बाळाशी नेहमीसारखी खेळते, बोलते. मग ठरवून काही मिनिटं चेहरा निर्विकार ठेवते. समोरच बसलेली, बाळाकडे बघणारी, पण कशालाच उत्तर न देणारी. बाळ आधी हसून बघतं, बोट दाखवतं, हात पुढे करतं, आवाज काढतं. काहीच होत नाही असं पाहून ते कासावीस होतं, किंचाळतं, आणि शेवटी तोंड फिरवून स्वतःत मिटून जातं. काही मिनिटांचा प्रयोग असल्यामुळे आई पुन्हा हसते आणि बाळ सावरतं. जेरेमीच्या टेबलावर ती मिनिटं संपतच नाहीत. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध होता असं मी म्हणत नाही. पेलिंग्टननं कॅमेऱ्यानं जे पकडलं ते प्रयोगशाळेतही तसंच दिसतं, एवढंच. मुलाला आईबाप दिसत असतात आणि तरी ते तिथे नसतात. भावनिक दुर्लक्ष हीसुद्धा इजा आहे, हे पुढे बालपणीच्या आघातांवरच्या मोठ्या वैद्यकीय अभ्यासांत स्वतंत्रपणे मोजलं जाऊ लागलं. व्हिडिओनं ते एका गोठलेल्या टेबलातून दाखवलं होतं.

आता आवाजाकडे लक्ष द्या. मुलगा ओरडतो, पण आपल्याला ती ओरड ऐकू येत नाही. गाण्याच्या व्हिडिओत पात्रांचा आवाज बहुधा नसतोच, आपण ते गृहीत धरून बसतो. इथे मात्र तो संकेत आशयाच्या कामी आला आहे. उघड्या तोंडावर वेडरचा आवाज येऊन बसतो, म्हणजे निवेदकाचा, त्या ‘मी’चा. छळणाऱ्याचा आवाज घुमतो आणि छळलेल्याची किंकाळी मुकी राहते. मग ध्रुवपदातलं ते बोलणं जास्त भयंकर वाटायला लागतं. सबंध व्हिडिओभर ज्याला एक शब्द मिळाला नाही, त्याचं ते एकमेव बोलणं.

दोन वाचनं

थिजलेल्या माणसांचा अर्थ दोन तऱ्हांनी लागतो. पहिला सरळ: हे जग मुलाच्या आतून पाहिलेलं आहे. तो जिवाच्या आकांतानं धडपडतो आणि बाहेर कशालाच धक्का लागत नाही.

दुसरा अर्थ वेडरकडे पाहून सुचतो. तो सबंध व्हिडिओत अंधाऱ्या जागी बसून, चेहरा कॅमेऱ्याच्या अगदी जवळ आणून, डोळे फिरवत गोष्ट सांगतो. बँडचे बाकीचे सदस्य ओझरते दिसतात. गाण्यातला ‘मी’ व्हिडिओत वेगळं पात्र म्हणून कुठेच नाही. अमुक पोरगा छळणारा, असं बोट दाखवता येत नाही. मग तो ‘मी’ गेला कुठे? माझ्या वाचनात तो अंधारात बसलेला आहे. मोठा झालेला, जबानी दिल्यासारखा बोलणारा. तसं असेल तर आपण जे बघतो आहोत ती त्याची आठवण आहे. आठवणीत वर्ग, बाकं, हसणारे चेहरे फोटोंसारखे स्थिर झाले आहेत आणि एक मुलगा तेवढा हलायचा थांबत नाही.

या वाचनात एक अडचण आहे. जेवणाच्या टेबलाशी हा वर्गमित्र हजर नव्हता. जंगलातही नव्हता. म्हणजे ती दृश्यं त्यानं कल्पनेनं भरली आहेत. पण अडचण वाटते ती खरं म्हणजे पुष्टीच आहे, कारण वेडरनं गाणं लिहिताना हेच केलं होतं. एक परिच्छेद वाचून न पाहिलेलं घर उभं केलं. व्हिडिओतले आईबाप असे निर्जीव का, याचंही उत्तर त्यात मिळतं: ते दुसऱ्यानं रचलेले आईबाप आहेत. या मुद्द्याकडे मला पुन्हा यावं लागणार आहे.

सफरचंद, झेंडा, अक्षरं

प्रतीकांपैकी सफरचंदावर सगळ्यात जास्त लिहिलं गेलं. शेवटच्या प्रसंगात जेरेमी उघड्या अंगानं वर्गात येतो आणि शिक्षिकेकडे सफरचंद फेकतो. अमेरिकेत शिक्षकाला सफरचंद देणं ही आज्ञाधारक, लाडक्या विद्यार्थ्याची जुनी खूण आहे. तो ते देत नाही, फेकतो. शाळेनं शिकवलेला शिष्टाचार तो पाळतो आणि त्याच हालचालीत उधळून लावतो. दुसरीकडे, व्हिडिओत बायबलमधल्या उत्पत्तीच्या पुस्तकातल्या तिसऱ्या अध्यायाच्या सहाव्या ओवीचा उल्लेख झळकतो. त्या ओवीत स्त्री झाडाचं फळ तोडून खाते आणि नवऱ्यालाही देते. (ते सफरचंद होतं असं मूळ मजकूर सांगत नाही, ते चित्रकारांनी रूढ केलं.) पुष्कळ जण यावरून जेरेमी म्हणजे पापात पडलेला माणूस, असा अर्थ काढतात. मला तो पटत नाही. ओवीत फळ खाणारे दोघं आहेत, आई आणि बाप, आणि बायबलच्या गोष्टीत त्याची किंमत पुढच्या पिढ्या मोजतात. गाण्यातही आईबापांवर एकापाठोपाठ एक बोट ठेवलं आहे. जेरेमी हा फळ खाणारा नाही. ज्यांनी खाल्लं त्यांचा तो मुलगा आहे.

झेंड्याची दोन दृश्यं आहेत. एकात मुलं राष्ट्रनिष्ठेची शपथ घेताना हात समोर ताठ पसरून उभी आहेत, आणि बघणाऱ्याला नाझी सलाम आठवून दचकायला होतं. ही नुसती दिग्दर्शकाची चिथावणी नाही. अमेरिकी शाळांत ही शपथ 1892 मध्ये आली तेव्हा झेंड्याकडे हात पसरून उभं राहण्याचीच पद्धत होती. नाझी सलामाशी साम्य फारच डाचू लागल्यावर 1942 च्या डिसेंबरमध्ये ती बदलून हात छातीवर आला. पेलिंग्टननं पन्नास वर्षांपूर्वी टाकून दिलेली मुद्रा परत वर्गात आणली आहे. सगळे एकाच दिशेला, एकाच मुद्रेत. अशा वर्गात वेगळ्या मुलाचं काय होत असेल ते सांगायला संवाद लागत नाही. दुसऱ्या दृश्यात जेरेमी झेंडा अंगाभोवती गुंडाळून आगीच्या मधोमध उभा राहून आपल्याकडे पाहतो. पांघरूण म्हणा, कफन म्हणा. हे दृश्य मला व्हिडिओत सर्वांत कमी विचार केलेलं वाटतं; नजरेत भरतं, पण गोष्टीत फारशी भर घालत नाही.

अक्षरांकडे मात्र टीकाकारांचं जायला हवं तितकं लक्ष गेलेलं नाही. काळ्या पडद्यावर शब्द चमकून जातात: समस्या, निरुपद्रवी, वगैरे. हे शब्द कोणाचे? त्यांतला एकही जेरेमीचा नाही. ते शाळेच्या शेऱ्यांतले आहेत, समुपदेशकाच्या फायलीतले आहेत, आणि ‘निरुपद्रवी’ तर गाण्यात छळणाऱ्याच्याच तोंडी आलेला आहे. मुलाचं वर्णन करणारे पुष्कळ आहेत.

आणि मग ते चित्र. जेरेमी हात वर उंचावून आगीसमोर उभा राहतो. पहिल्या कडव्यात त्यानं कागदावर काढलेलीच ही मुद्रा. याचा अर्थ त्या क्षणी आपण त्याच्या चित्राच्या आत आहोत. व्हिडिओ वास्तवातून त्याच्या कल्पनेत गेला आणि त्यानं ते आपल्याला सांगितलं नाही. कल्पनेतल्या त्या चित्रात खाली इतर माणसं मरून पडली आहेत, हे आठवतं ना? शेवट चुकीचा वाचला गेला त्याची एक मुळी इथे आहे.

कापलेला शॉट

पेलिंग्टनच्या मूळ संकलनात शेवट असा होता: मुलगा वर्गासमोर उभा राहतो, बंदूक बाहेर येते, ती स्वतःकडे वळते, तो डोळे मिटतो. झगमगाट, काळोख. मग कॅमेरा वर्गातल्या मुलांवरून सावकाश सरकतो. त्यांच्या चेहऱ्यांवर, कपड्यांवर रक्त आहे. त्याचं रक्त.

स्वतःवर रोखलेली बंदूक दाखवायला एमटीव्हीनं मनाई केली. म्हणून बदललेल्या आवृत्तीत बंदूक दिसतच नाही. मुलाचा हात कशाकडे तरी जातो, लगेच चेहऱ्याचा अगदी जवळचा शॉट, मिटणारे डोळे, झगमगाट, काळोख आणि रक्तानं माखलेली मुलं.

सोव्हिएत दिग्दर्शक लेव कुलेशॉव यानं शंभरेक वर्षांपूर्वी दाखवून दिलं होतं की प्रेक्षक शॉटमध्ये जे आहे तेच फक्त बघत नाही. दोन शॉट शेजारी आले की त्यांच्यामधली गोष्ट तो स्वतः रचतो. नटाचा तोच निर्विकार चेहरा, पुढे वाटी आली तर भुकेला वाटतो, शवपेटी आली तर दुःखी. इथे मुलाचा चेहरा आणि रक्तबंबाळ वर्गमित्र शेजारी आले. मधली जागा प्रेक्षकांनी भरून काढली, आणि स्वाभाविकपणे भरून काढली.

पण माझ्या मते खरा घोटाळा त्याहून खोल आहे, आणि तो या व्हिडिओच्या सर्वांत सुंदर युक्तीतूनच निघाला. वर्गमित्र पहिल्यापासून थिजलेले आहेत. शेवटच्या शॉटमध्येही ते थिजलेलेच आहेत. इतका वेळ त्या स्तब्धतेचा अर्थ होता: यांना काही वाटत नाही. आता त्याच स्तब्ध देहांवर रक्त आलं, आणि न हलणारा, रक्तानं भरलेला माणूस म्हणजे मेलेला माणूस, असा अर्थ क्षणात तयार झाला. बेपर्वाई दाखवण्यासाठी उभारलेलं रूपक मृत्यूसारखं दिसू लागलं. बंदूक दिसत होती तोवर ती या घसरणीला अडवून धरत होती. ती काढली तसं काहीच उरलं नाही.

नीट पाहिलं तर कापलेल्या आवृत्तीतही पुरावे आहेत. मुलं बाकांवर सरळ बसलेली आहेत. कोणी मागे रेललेलं, कोणाचे हात चेहऱ्यापुढे आलेले. पडलेलं कोणीच नाही, जखम कुठेही दिसत नाही. हे शिंतोडे उडालेल्यांचे चेहरे आहेत, गोळी लागलेल्यांचे नाहीत. डोळे मिटणारा एकटा जेरेमी आहे. पण टीव्हीवर तो शॉट क्षणात निघून जायचा आणि पुढची जाहिरात सुरू व्हायची. तेव्हा टीव्हीवर लागलेलं लगेच पुन्हा मागे नेऊन पाहायची सोय नव्हती. चुकीचं वाचणाऱ्या प्रेक्षकाला मी दोष देणार नाही.

ज्या अर्थी रक्त मुलांवर आहे त्या अर्थी तो शॉट खरं तर निवेदकाबद्दल आहे. बातमीत नसलेली गोष्ट तिथे दिसते: बघणाऱ्यांवर काय उडालं. छळणारा, हसणारा, गप्प बसणारा, सगळे सारखेच माखले. हाच व्हिडिओचा सर्वांत अर्थपूर्ण शॉट होता, आणि नेमका तोच बातमीतल्या हत्याकांडासारखा वाचला गेला.

त्याचे परिणाम पुढे दिसले. 2 फेब्रुवारी 1996 रोजी वॉशिंग्टन राज्यातल्या मोझेस लेक इथे चौदा वर्षांच्या मुलानं आपल्या शाळेत एका शिक्षिकेचा आणि दोन विद्यार्थ्यांचा जीव घेतला. खटल्यात त्याच्यावर या व्हिडिओचा प्रभाव होता असं म्हटलं गेलं. इतरांना न मारणाऱ्या मुलाचा व्हिडिओ इतरांना मारण्याची प्रेरणा म्हणून न्यायालयात मांडला गेला. 1999 मध्ये कोलंबाइन या अमेरिकी शाळेत विद्यार्थ्यांनीच केलेलं हत्याकांड झालं, आणि त्यानंतर हा व्हिडिओ टीव्हीवर क्वचितच दिसू लागला. त्याच्या बऱ्याच आधी, ‘जेरेमी’ गाजल्यानंतर, बँडनंही गाण्यांसाठी व्हिडिओ करणं थांबवलं होतं. नवा व्हिडिओ आला तो थेट 1998 मध्ये, आणि तोही ॲनिमेशनचा.

खरा मुलगा

आता त्या रचलेल्या आईबापांकडे. गाण्यात आणि व्हिडिओत जे घर आहे ते रिचर्डसनच्या त्या मुलाचं घर नाही. वेडरला त्या घराबद्दल एका परिच्छेदापलीकडे काही ठाऊक नव्हतं. तरी नाव तेच राहिलं, आणि जगभरच्या लाखो लोकांच्या मनात त्या नावाच्या मुलाची आई म्हणजे टेबलाशी बसलेली, न हलणारी बाई झाली.

त्या वर्गात असलेल्या एका मुलीनं पुढे मोठी झाल्यावर सांगितलं की हे गाणं ऐकून तिला राग आला होता. तुम्ही तिथे नव्हतात, तुम्हाला काय माहीत, असा. 2018 मध्ये मुलाची आई पहिल्यांदा एका वृत्तवाहिनीशी बोलली. तो ज्या दिवशी गेला तो एक दिवस म्हणजे त्याचं आयुष्य नव्हतं, तो कोणाचा मुलगा होता, भाऊ होता, त्याला मित्र होते, अशा अर्थाचं ती बोलली. हे ऐकल्यानंतर टेबलाचं ते दृश्य मला पूर्वीसारखं पाहता येत नाही. मी वर त्याची इतकी स्तुती केली ती मागे घेत नाही. दुर्लक्षाचं इतकं नेमकं चित्रण मी दुसरीकडे पाहिलेलं नाही. पण ते ‘एका मुलाच्या’ घराचं चित्रण म्हणून खरं आहे, ‘त्या मुलाच्या’ घराचं म्हणून नाही. वाचन करणाऱ्यानं ही रेघ स्वतः ओढायला हवी, कारण व्हिडिओनं ती ओढलेली नाही. नाव बदललं असतं तर गाण्याचं काहीही बिघडलं नसतं.

5 जून 2020 रोजी, अमेरिकेत बंदुकीच्या हिंसेविरुद्ध पाळल्या जाणाऱ्या दिवशी, पर्ल जॅमनं न कापलेली आवृत्ती इंटरनेटवर खुली केली. अठ्ठावीस वर्षांनी शेवट स्पष्ट झाला. कोण कोणाला मारतं याबद्दल आता शंका राहत नाही. मात्र त्याची किंमत अशी की मुलाच्या हातातली बंदूक आणि तिची दिशा सरळ पडद्यावर येते, आणि आत्महत्येची रीत असं दाखवणं कोवळ्या, खचलेल्या प्रेक्षकाला धोक्याचं असतं, हे मानसोपचाराच्या क्षेत्रातली माणसं कळकळीनं सांगत आली आहेत. त्यामुळे 1992 ची मनाई मला पूर्णपणे अवाजवी वाटत नाही. अवाजवी होतं ते एवढंच, की शॉट काढला आणि त्यानं पेललेला अर्थ दुसऱ्या कशावरही सोपवला नाही.

सोपवता आला असता का? माझ्या मते आला असता, आणि साधन व्हिडिओतच तयार होतं. या व्हिडिओचा एकच नियम आहे: बाकीचे थिजलेले, जेरेमी हलतो. रक्ताच्या त्या शेवटच्या शॉटमध्ये वर्गमित्रांपैकी एकाला फक्त हलवलं असतं, एकानं पापणी मिटली असती, गालावरचं रक्त हातानं पुसून त्या हाताकडे पाहिलं असतं, तर नियम उलटा झाला असता. हलणारा संपला आणि इतका वेळ न हलणारे हलू लागले. ते जिवंत आहेत हे कळलं असतं, रक्त त्यांचं नाही हे कळलं असतं, आणि बंदूक दाखवायची गरजच पडली नसती.